फुगडी व्यायामात धरत नाहीत

मला राग पटकन येतो. आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर पुढे वाचणाऱ्याला वाटायचं की बाई उगाचच तडकतेय. रत्नागिरीत माझं मॅचिंग सेंटर आहे. दिवसभर बायका हातात साडी धरून उभ्या असतात आणि "यापेक्षा जरा फिकट दाखव ना" म्हणतात. फिकट दाखवलं की "हे जरा जास्तच फिकट झालं." दुपारपर्यंत काउंटरवर तागे पडलेले असतात आणि माझं डोकं तापलेलं असतं. पळायला मी लागले ती एवढ्यासाठीच. वजनासाठी नाही, शुगरसाठी नाही. सकाळी भाट्याच्या पुलावरून तासभर पळून आलं की मग दिवसभर कोणी कितीही फिकट मागो, मी हसतमुखाने दाखवते.

सुरुवातीला लोकांना मजा वाटायची. "काय गो, कोण लागलंय मागे?" असं पुलावर मासे पकडायला बसलेले म्हातारेसुद्धा विचारायचे. चाळिशी ओलांडलेली, अंगाने बऱ्यापैकी भरलेली बाई टी-शर्ट घालून पळतेय म्हणजे काहीतरी बिघडलं असणार, असा एकंदर समज होता. पण मी पळत राहिले. आधी पाच किलोमीटर, मग दहा, मग हाफ मॅरेथॉन. हाफ मी बऱ्याच केल्या आणि चांगल्या केल्या. यात नम्रपणा कशाला दाखवू? मला पळता येतं. चढावर तर येतंच येतं, कारण आमच्या रत्नागिरीत सपाट असं आहेच काय?

राहिली होती ती फुल. बेचाळीस किलोमीटर आणि वर थोडे. गेल्या वर्षी नाव नोंदवलं होतं, पण ऐन वेळी डावी नडगी दुखायला लागली आणि मी घरी बसले. यंदा डिसेंबरमध्ये आपल्याच गावात शर्यत होती, आपल्याच रस्त्यावर. एप्रिलमध्येच नाव घातलं आणि सगळ्या गावाला सांगून टाकलं. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकालासुद्धा सोडलं नाही. अस्तर कापता कापता सांगायचे, "डिसेंबरात मी फुल पळणार आहे." त्यांना फुल म्हणजे काय ते कळायचं नाही, पण "अरे वा" म्हणायच्या.

आमचा रविवारचा पळणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. त्यात माझी खरी गट्टी जमली ती मिरकरवाड्यात बर्फाचा कारखाना असलेल्या एका दोस्ताशी. तो मला वहिनी म्हणतो, मी त्याला बर्फवाला म्हणते. दोघांचा वेग सारखा आणि तोंडाचा पट्टाही सारखाच, त्यामुळे वीस-बावीस किलोमीटर कसे सरतात कळत नाही. पळून झालं की कोणाच्या तरी घरी नाश्ता. माझ्याकडे असला की घावणे आणि नारळाची चटणी, त्याच्याकडे असला की त्याच्या अम्मीच्या हातची सांदणं. पळणारी माणसं उकडलेली अंडी मोजून खातात असं मी ऐकलंय. असतील बापडी. आमच्यात कोणी असलं मोजत नाही.

आणि माझं दुसरं वेड म्हणजे मंगळागौरीचा ग्रुप. श्रावणात नव्या लग्न झालेल्या मुलींच्या घरी मंगळागौर पुजतात, तिथे आम्ही जाऊन खेळ करतो. झिम्मा, पिंगा, लाटणी, सूप, सगळ्या तऱ्हेच्या फुगड्या. आमच्या म्होरक्या काकू. वयाने साठीच्या पुढे, माहेर संगमेश्वरकडचं, आवाज असा की माईक नको. आषाढातच देवळामागच्या हॉलमध्ये आमची तालीम सुरू होते. नऊवारी नेसून, नाकात नथ घालून, पंधरा-सोळा बायका एकमेकींच्या अंगावर पडत, हसत, एकमेकींची उणीदुणी काढत खेळतो. तिथे माझा मान मोठा. कोंबड्याला, म्हणजे उकिडवं बसून दोन्ही पायांवर उड्या मारत फिरायचं असतं ना, त्याला शेवटपर्यंत मी एकटीच टिकते. बाकीच्या धपाधप बसतात. काकू म्हणायच्या, "ही मेली दमतच नाही. पळून पळून हिचे पाय लोखंडाचे झालेत."

तर ते लोखंड जूनमध्ये पुन्हा वाकलं. भाट्याचा चढ चढून सड्यावर, वरच्या कातळी माळावर आले आणि डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला नेमकी तीच जागा ठणकली. अंगठा ठेवला तर झाकली जाईल एवढीच जागा. मला तिथेच रडू आलं. बर्फवाल्याने मला स्कूटरवर घालून घरी आणलं आणि संध्याकाळी थर्माकोलच्या खोक्यातून बर्फ पाठवला. बर्फ मासळीवर टाकायचा. आठवडाभर माझ्या पायाला बांगड्याचा वास येत होता आणि आळीतली मांजरं दुकानाच्या पायरीवर येऊन बसत होती.

गावात एक नवीन फिजिओथेरपिस्ट आली होती, तिच्याकडे गेले. वयाने माझ्या भाचीएवढी, पण बोलणं ठाम. स्कॅन काढायला लावलं. म्हणाली, "ताई, हाडाला तडा गेलेला नाही, पण जायच्या बेतात आहे. आता पळणं बंद. नीट विश्रांती दिलीत तर हाड भरेल. नाही दिलीत तर चिरेल, आणि मग डिसेंबर विसरा. कदाचित पळणंच विसरा."

मी तिला शब्द दिला. तिने मग खोदून खोदून विचारलं. झुंबा करता? नाही. दोरीच्या उड्या? नाही. बॅडमिंटन? छे. घरात काही नाच, उड्या, धावपळ? मी म्हटलं, "डॉक्टर, दुकानात उभी असते तेवढीच. दुसरं काही नाही." शपथेवर सांगते, मी खोटं बोलले नाही. मला जे वाटत होतं तेच मी सांगितलं.

आणि मी खरंच सगळं केलं. पायाला रबरी पट्टा बांधून ओढायचे व्यायाम केले. एका पायावर उभं राहून दात घासले. गोळ्या घेतल्या, दूध प्यायले, जे मला जन्मात आवडलं नाही. पळायचा दम राहावा म्हणून पोहायच्या तलावात कमरेला पट्टा बांधून पाण्यातल्या पाण्यात पळाले. तिथे शिकायला येणारी लहान मुलं मला बघून फिदीफिदी हसायची. रविवारी ग्रुप पळायचा तेव्हा मी स्कूटरवरून थेट नाश्त्याला हजर व्हायचे. पळता येत नाही म्हणून भूक लागत नाही असं थोडंच आहे?

पण पाय काही सुधारेना. दोन दिवस बरा वाटायचा, तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच जागा ठणकायची. डॉक्टर चक्रावली. रक्त तपासलं, बूट तपासले, दुकानातली फरशी कशी आहे ते विचारलं. मी तर पार कातावले. नवऱ्यावर ओरडले, गिऱ्हाइकांवर ओरडले. एका बाईला तर सांगितलं, "याहून फिकट हवं असेल तर पांढरं घ्या." ती साडी घेऊन निघून गेली, ती आजतागायत आलेली नाही. नवरा म्हणाला, "तुझा पाय बरा होवो न होवो, दुकान बंद पडणार बहुतेक." त्या दिवशी मी त्याच्याशी जेवताना बोलले नाही. मनात भीती एकच होती, की हे हाड आता भरतच नाही आणि माझं पळणं संपलं. ती भीती मी कोणाला सांगितली नाही. सांगितली असती तर लोकांनी "आता वय झालं" म्हटलं असतं आणि मी त्यांना चावले असते.

शेवटी डॉक्टरने नडगीवर निळी चिकटपट्टी लावली, विशिष्ट पद्धतीने, वरून खाली आणि मग आडवी. म्हणाली, "चार दिवस ठेवा. आणि मंगळवारी मी नाही हं, सुट्टीवर आहे. घरी कार्यक्रम आहे."

मंगळवारी आम्हाला नाचणे भागातल्या एका घरी बोलावणं होतं. बोलणं काकूंचं झालेलं. नव्या सुनेची पहिली मंगळागौर, सासूची हौस दांडगी, दुपारी चारला या, एवढंच आम्हाला ठाऊक. घर भरलेलं होतं. हॉलमधले सोफे गॅलरीत काढून ठेवलेले, बायका भिंतीला टेकून बसलेल्या, कोपऱ्यात पूजा मांडलेली. नवरी मुलगी पूजेजवळ बसली होती. हिरवी नऊवारी, मोठी नथ, कपाळावर चंद्रकोर. मी तिच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. नथ घातली की सगळ्याच मुली सारख्या दिसतात. मीही नथच घातली होती, त्यामुळे तिनेही मला ओळखलं नाही.

आम्ही सुरू केलं. झिम्मा झाला, पिंगा झाला. मग मी आणि माझी जोडीदारीण बस फुगडीला बसलो. खाली उकिडवं बसायचं, हात धरायचे आणि उड्या मारत पाय पुढे फेकायचे. मी रंगात आले होते. नऊवारी पोटरीच्या वर सरकली होती. भोवती बायका टाळ्या वाजवत होत्या आणि एकदम कोणीतरी किंचाळलं, "थांबा!"

सगळ्या जागच्या जागी थिजल्या. काकूंचं गाणं अर्ध्यात तुटलं. कोणाला वाटलं निरांजन पडलं, कोणाला वाटलं पदर पेटला. बघते तर नवरी उभी. नथ थरथरतेय, एक बोट माझ्या पायाकडे. तिने तोंड ओळखलं नव्हतं, स्वतः लावलेली निळी पट्टी ओळखली होती.

"ताई," ती म्हणाली, "तुम्ही?"

"अगोबाई, डॉक्टर!" मी म्हटलं. खाली उकिडवीच होते मी अजून.

तिने मला हाताला धरून उठवलं, खुर्चीवर बसवलं आणि पैठणीचा काठ सावरत माझ्यापुढे जमिनीवर बसून नडगी चाचपायला लागली. तिची सासू पुरती गोंधळली. "अगं, पूजेतून उठून हे काय चाललंय?" पण डॉक्टर ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती.

"मी विचारलं होतं ना तुम्हाला, उड्या मारता का म्हणून?"

"विचारलं होतंत. आणि मी नाहीच मारत."

"मग आत्ता काय करत होतात?"

"आत्ता? आत्ता फुगडी खेळत होते."

"किती दिवस चाललंय हे?"

"तालीम म्हणता? आषाढापासून. एक दिवसाआड."

डॉक्टरने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "ताई, फुगडी म्हणजे उड्या नाहीत?"

मी अगदी मनापासून उत्तर दिलं, "नाहीत हो. हे खेळ आहेत. फुगडी कोणी व्यायामात धरतं का?"

मग घरभर जे हसू फुटलं! सासूसुद्धा पदर तोंडाला लावून हसायला लागली. माझी जोडीदारीण तर जमिनीवर आडवी झाली. मला आधी राग आला, मग माझं मलाच कळलं आणि मीही हसत सुटले. पायाला त्रास नको म्हणून मी तालमीच्या हॉलचा जिना कठडा धरून एकेक पायरी चढत होते, आणि वर गेल्यावर तासभर कोंबडा घालत होते! माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं. पळणं म्हणजे कष्ट, त्याचं घड्याळ, त्याचे बूट, त्याचा हिशेब. आणि नऊवारी नेसून हसत हसत केलेलं ते सगळं म्हणजे बायकांची मजा. मी स्वतः बाई असून मला असं वाटत होतं, याचं मला नंतर फार वाईट वाटलं.

काकू मात्र हसल्या नाहीत. कमरेवर हात ठेवून त्यांनी डॉक्टरला विचारलं, "म्हणजे गो, आम्ही इतकी वर्षं करतोय तो व्यायाम आहे?"

"काकू, तुम्ही करता तेवढं तर माझे क्रिकेट खेळणारे पेशंटही करत नाहीत."

"ऐकलंत गो?" काकू मागे वळून सगळ्यांना म्हणाल्या. "आणि माझा मुलगा मला म्हणतो, आई, जरा चालायला जात जा." त्यानंतर महिनाभर काकूंनी हे वाक्य गावभर फिरवलं.

माझी शिक्षा ठरली. पळणं नाही आणि खेळणंही नाही. उरलेला श्रावण मी गाणाऱ्या बायकांच्यात बसून काढला. माझा गळा म्हणजे आमच्या ग्रुपचं गुपित आहे. दुसऱ्याच मंगळवारी काकू माझ्या कानात म्हणाल्या, "तू नुसते ओठ हलव." मी ओठ हलवले. माझ्या जागी कोंबड्याला दुसरी बसली आणि अर्ध्यातच लोळली, तेव्हा मला जो आनंद झाला तो लपवायचा मी अजिबात प्रयत्न केला नाही.

गणपती गेले, नवरात्र गेलं आणि हाड भरलं. पुन्हा स्कॅन काढला तेव्हा डॉक्टर माझ्याइतकीच खूश झाली. हळूहळू पळायला सोडलं. आधी पाच मिनिटं पळा, पाच मिनिटं चाला. मला, जी हाफ सहज मारून येते तिला, पाच मिनिटं! दात-ओठ खात केलं. दिवाळीनंतर बर्फवाल्याबरोबर पुन्हा सड्यावर गेले. कातळावर वाळलेलं गवत, खाली समुद्र, आणि पाय गुपचूप आपलं काम करतोय. त्या सकाळी मी त्याला भरपूर शिव्या दिल्या, कशाबद्दल ते आठवत नाही, नुसत्या आनंदाने दिल्या.

शर्यतीच्या पंधरवडाभर आधी डॉक्टरने मला समोर बसवलं. "ताई, हाफपर्यंत तुमचं हाड तयार आहे. त्यापुढची खात्री मी देत नाही. लांब पळण्याचे आठवडेच तुम्हाला मिळाले नाहीत. फुल पळून कदाचित काही होणारही नाही. पण झालं तर यावेळी चीरच."

मी भांडले. खूप भांडले. ती शांतपणे ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "पाय तुमचा आहे. मी अडवायला रस्त्यावर येणार नाही."

आयोजकांना फोन केला. ते म्हणाले, नंबर छापून झाले, आता फुलवरून हाफवर बदल होत नाही. फुलच्या नंबरने हाफच्या वळणावरून मागे फिरलात तर शर्यत अर्ध्यात सोडली असं धरणार, मेडल मिळणार नाही. मी फोन आपटला. घरी कोणी विचारलं की सांगायचे, बघू. खरंच ठरलं नव्हतं. आदल्या दिवशी बूट बांधून बघतानासुद्धा ठरलं नव्हतं.

शर्यतीच्या सकाळी हवेत थोडा गारवा होता. फुलचा नंबर लाल, हाफचा निळा. माझ्या छातीवर लाल. बर्फवाल्याच्याही लाल. आम्ही बरोबर सुटलो. भाट्याचा पूल, सुरूचं बन, मग चढ. मी त्या दिवशी काय पळाले म्हणून सांगू! चढावर मुंबई-पुण्याहून आलेली तरणी पोरं कमरेवर हात ठेवून चालत होती आणि मी त्यांच्या बाजूने निघून गेले. पावस गावाला जाणारा तो रस्ता माझ्या पायाखालचा. प्रत्येक वळण माहीत, प्रत्येक कुत्रा माहीत. दर थोड्या वेळाने मी नडगीकडे लक्ष द्यायचे. काही नाही. अगदी काही नाही.

हाफ वळायची जागा दिसायला लागली. रस्त्यात शंकू मांडलेले, शिट्टी घेतलेली एक कॉलेजातली मुलगी निळ्या नंबरांना वळवत होती आणि लाल नंबरांना हात करून सरळ सोडत होती. सरळ जाणारे थोडे होते. पुढे रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना आंब्याच्या बागा.

"वहिनी, पाय कसा?" बर्फवाल्याने विचारलं.

"एकदम झकास."

"मग चला की! दोन वर्षं थांबलात. आणि डॉक्टर कुठे बघतेय?"

खरंच कोणी बघत नव्हतं. आणि मला इतकं जायचं होतं, इतकं जायचं होतं! मी त्याच्याबरोबर शंकूंपर्यंत गेले. तो सरळ गेला आणि मी वळले.

ती मुलगी शिट्टी फुंकत माझ्यामागे धावली. "ओ मॅडम! मॅडम! तुमचं सरळ! लाल सरळ!"

"माहितीये!" मी ओरडले आणि पळत राहिले.

परतीचा सगळा रस्ता तेच. पाणी देणारे ओरडले, "ताई, चुकलात, फुल तिकडे!" समोरून येणारे धावणारे हात करून मागे दाखवत होते. एक गृहस्थ तर स्कूटर वळवून माझ्यामागे आले, "बाई, अजून वेळ आहे, फिरा मागे." प्रत्येकाला मी तेच उत्तर दिलं आणि प्रत्येक वेळी माझा आवाज चढत गेला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. रागाचं होतं. पण पाय काही हळू केले नाहीत मी. उतारावर तर मी माझ्या आजवरच्या कुठल्याही हाफपेक्षा जोरात पळाले.

शेवटच्या कमानीपाशी मेडलं वाटणाऱ्या बाईने हात पुढे केला, माझा नंबर बघितला आणि हात मागे घेतला. मी तिच्याकडे बघून मान हलवली. तिची काय चूक?

बाजूला आमच्या मंगळागौरीच्या बायका डबे आणि थर्मास घेऊन उभ्या होत्या. फुलवाले यायला अजून खूप वेळ होता, त्यामुळे त्या आरामात गप्पा छाटत होत्या. मला बघून काकूंचा चेहरा पडला. त्या गर्दीतून वाट काढत आल्या.

"दुखला ना गो पाय?"

"नाही काकू."

"थोडासुद्धा नाही?"

"थोडासुद्धा नाही."

"मग वळलीस कशाला?"

"दुखत असता तर कोणीही वळलं असतं," मी म्हटलं आणि भर रस्त्यात, छातीवर लाल नंबर तसाच लावलेला असताना, भोकाड पसरून रडायला लागले.